रोज चार बोटं

१२ नोव्हेंबर

कंपनीत माझं काम एवढंच होतं. आलेला माल मोजायचा, तपासायचा, रजिस्टरला लिहायचा आणि खोट निघाली की लाल स्टिकर लावायचा. पाच वर्षं केलं. ही वहीसुद्धा कंपनीचीच, दिवाळीला मिळालेली, अर्धी कोरी राहिलेली. आजपासून हिच्यात लोकर लिहिणार आहे. आमच्या सविता मॅडम म्हणायच्या, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. खोटं निभवायचं असेल तर नोंदी चोखच पाहिजेत.

आजची आवक. सकाळी सासूबाईंनी माझ्या मांडीवर पिशवी ठेवली. लोकरीचे चोवीस गुंडे. मरून आठ, पिवळे सहा, हिरवे सहा, पांढरे चार. मरूनच्या पट्टीवर लॉट ४१७.

"रश्मीच्या रुखवताचं सगळं तूच कर," त्या म्हणाल्या. "आत्याबाईंनी सांगितलंय. अकरा वस्तू. लग्न आठ फेब्रुवारीला हाय."

मी "हो आई" म्हटलं. नणंदेचं लग्न, दुसरं काय म्हणणार? मला क्रोशा येत नाही. साधी साखळीसुद्धा येत नाही.

मे महिन्यात कारेगावात माझं लग्न झालं, तेव्हा रुखवताच्या टेबलावर चौदा वस्तू होत्या आणि पुढे कार्ड होतं, 'चि. सौ. कां. शितल हिने स्वहस्ते विणलेले.' विणलं होतं दौंडच्या कुशाबाईंनी. मामीने बाई शोधली, पप्पांनी पोरीनेच विणलंय म्हणून सांगून टाकलं, मी कंपनीतून सुट्टी घेऊन फक्त मेंदी काढली. सगळ्यांकडे असंच असतं, यात कुणाला काही वाटत नाही. पण सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला, तुळजाबाई आत्यांना वाटलं. त्यांनी लोकरीचं कमळ उचललं, भाजी घेताना उलटीसुलटी करतात तसं केलं आणि मांडवात म्हणाल्या, "हातात एवढी कला असल्यावर पोरीनं भायेर कशाला जायचं?"

दोन महिन्यांनी मी परत कामावर जायचं, असं बैठकीत ठरलं होतं. त्या एका वाक्यात ते मोडलं. कुणी नाही म्हटलं नाही, भांडण नाही. माझा नवरा इंद्रजीत म्हणाला, "सध्या राहू दे, मग बघू." माणूस चांगला आहे. मला त्याने आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही.

आता खरं सांगितलं तर पप्पा चारचौघांत खोटे पडतात. नाही सांगितलं तर मी इथे बसून, जे येत नाही ते जन्मभर विणत राहायचं.

१५ नोव्हेंबर

दाढ दुखते असं मी घरी खोटंच म्हणाले. दौंडला चांगला दातांचा डॉक्टर आहे, तीनचार वेळा जावं लागेल, असं सांगितलं. यवतहून गाडी पकडली. पिशवीत चोवीस गुंडे, वर टॉवेल.

कुशाबाई रेल्वे क्वार्टरच्या मागे राहतात. नवरा रेल्वेत होता, गेला. एक खोली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली लोकरीचे डबे रंगांप्रमाणे लावलेले. आमच्या स्टोअरमध्ये एवढी शिस्त नव्हती. बाईंचा हात बोलताना थांबत नाही. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, इथे लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"सासर कुठलं म्हणालीस?"

"कासुर्डी. सासरे हौसराव. सासूबाईंचं नाव सरूबाई."

सुई पहिल्यांदा थांबली. "घड्याळाखाली पोपटांची चौकट हाय का अजून?"

"आहे की."

"हिरवा रंग उडाला आसंल."

"थोडा."

"उडायचाच. तवाची लोकर कच्ची होती," म्हणाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. कधीतरी घरी येऊन गेल्या असाव्यात.

ती चौकट म्हणजे आमच्या घराची शान आहे. काचेत दोन पोपट, खाली लाल धाग्याने 'सरूबाई १९९४'. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आबा, म्हणजे माझे सासरे, ती दाखवतात आणि म्हणतात, हिच्या हातचं. लग्नानंतर लवकरच सासूबाईंचे डोळे अधू झाले, त्यानंतर त्यांनी सुई धरली नाही. दहावी पास आहेत. रश्मी सांगत होती, एकदा अंगणवाडीच्या नोकरीचं पत्रही आलं होतं, पण डोळ्यांमुळे राहिलं. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा दोरीने गळ्यात असतो, पण त्यांचं लक्ष नसतं, सारख्या लावायच्या विसरतात.

२४ नोव्हेंबर

कुशाबाईंकडून टेबलक्लॉथ आणला. तयार, पूर्ण, सुरेख. आता प्रश्न असा की एका दिवसात टेबलक्लॉथ कसा झाला?

तोडगा काढला आहे. तो उशीच्या अभ्र्यात घालून मांडीवर घ्यायचा, एक कड बाहेर काढायची, कडेला सुई लावून बोटं हलवत बसायचं. दिवसाला चार बोटं बाहेर ओढायचा. दुपारी सासूबाई विचारतात, "आज किती झालं?" मी म्हणते, "चार बोटं." खरंच असतं चार बोटं. फक्त विणलेलं नसतं, ओढलेलं असतं.

आज ओढला: ४ बोटं. एकूण: ४. उरला: ५२.

२९ नोव्हेंबर

एकूण २४ बोटं. तुळजाबाई आत्या आल्या होत्या. शेजारी बसून तासभर माझ्या बोटांकडे बघत होत्या. तासभर मी एकाच भोकातून सुई आत-बाहेर केली. जाताना म्हणाल्या, "लई बारीक काम हाय गं." मान धरली आहे, लिहवत नाही.

३ डिसेंबर

गाढवपणा झाला. मळ्यातून ऊस आला होता. ओट्यावर सगळे बसून खात होतो आणि मी दोन कांडी दातांनी सोलून, चावून, चोथा टाकून मोकळी झाले. मग आठवलं की माझी दाढ दुखते. सासूबाई समोरच होत्या. माझ्या चोथ्याच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "डाक्टर चांगला दिसतुय."

"हो, आराम आहे आता. पण अजून बसवायचं बाकी आहे काहीतरी."

"जा की मग. आर्धवट ठिवू नये."

वाचले. भोळ्या आहेत बिचाऱ्या.

११ डिसेंबर

सविता मॅडमचा फोन. क्वालिटीला जागा निघाली आहे, माझं नाव त्यांनी दिलं आहे. पत्र येईल. सोळा फेब्रुवारीला रुजू व्हायचं, होकार दहापर्यंत कळवायचा. कंपनीची बस आता चौफुल्यापर्यंत येते. चौफुल्यापर्यंत. इथून गाडीवर वीस-पंचवीस मिनिटं.

फोन ठेवला आणि गच्चीवर गेले. आमच्या गच्चीवरून हायवे दिसतो. शिफ्टच्या बसेस जाताना दिसतात, पाटी वाचता येत नाही पण रंगावरून कळतात. मला इथे कोंडल्यासारखं होतं. कुणी कोंडलेलं नाही, फाटक दिवसभर उघडं असतं, कुत्रंसुद्धा येतं-जातं. सगळे गोड बोलतात, आणि तरी असं होतं. मला पाइपाच्या तेलाचा वास आठवतो, मापायचं गेज हातात घेतल्यावरचा थंडपणा आठवतो. मी तिथे हुशार होते.

इंद्रजीतला सांगितलं. खूश झाला. म्हणाला, "अरे वा. रुखवत होऊ दे, मग बघू."

१९ डिसेंबर

तोरण पूर्ण झालं, म्हणजे ओढून झालं. अकरा कैऱ्या, मरून आणि पिवळं, बघत राहावं असं. सासूबाईंनी हातात घेतलं आणि सहज म्हणाल्या, "उरलेली मरून लोकर दे. गोंडं मी करीन. गोंड्याला काय डोळं लागत न्हाईत."

आठ गुंडे दिले होते, तोरणाला पाच लागले असतील, तीन शिल्लक पाहिजेत. ते माझ्याकडे नाहीत. या धंद्यात उरलेली लोकर विणणारीची, असा रिवाजच आहे. कुशाबाई तिच्या टोप्या करून क्वार्टरमधल्या पोरांना वाटतात. पाच वर्षं क्वालिटीत काढली आणि या वहीत आवक लिहिली, तयार माल लिहिला, शिल्लकचा रकानाच आखला नाही. ट्रेनी मुलीने असं केलं असतं तर मी तिला धारेवर धरलं असतं.

"देते," म्हटलं. "वरच्या कपाटात आहे."

२२ डिसेंबर

दाढ. पाचवी खेप का चौथी? चौथी.

कुशाबाईंकडच्या तीनही गुंड्यांच्या टोप्या झालेल्या. दौंडच्या दुकानातून तोच रंग, तीच कंपनी, दोन गुंडे घेतले. दुकानातल्या दिव्याखाली हुबेहूब दिसले. पट्टी गाडीत पाहिली. लॉट ४२२. लॉट बदलला की छटा बदलते.

२४ डिसेंबर

दुपार टळल्यावर ओट्यावर सासूबाईंच्या हातात गुंडे दिले. चष्मा खिडकीत पडलेला होता. त्यांनी गुंडा फिरवला, पट्टी डोळ्यांसमोर धरली. त्यावरचे अंक मोहरीएवढे असतात.

"ह्याच्यावर चारशे बावीस हाय," म्हणाल्या. "मी आणली ती चारशे सतरा."

"दुकानदारानेच मिसळले असतील, आई."

"आसंल."

आणि गोंडे करायला बसल्या. पुन्हा वाचले. जवळचं त्यांना दिसत असेल, लांबचं दिसत नसेल, असतं तसं काहींना. गोंडे लावलेलं तोरण उन्हात धरलं तर गोंडे वेगळे दिसतात, एक छटा गडद. मी लाल स्टिकर लावला असता. घरात कुणी बोललं नाही.

५ जानेवारी

दाढ. सप्तपदीची सात पावलं आणि समईखालचं आसन आणलं. कुशाबाईंना म्हटलं, मला शिकवा. त्यांनी सुई हातात दिली. दोन तासांत सहा टाक्यांची साखळी आणि मुक्या खांबांची, म्हणजे बुटक्या टाक्यांची, एक ओळ झाली, तीही आवळलेली, दोरखंडासारखी. कुशाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला येईल, पण तुला आवडत न्हाई. न आवडणाऱ्याचा हात आवळतो."

"तुम्हाला आवडतं?"

"मला येतंय बी आन् आवडतंय बी. पर माज्या हातचं कुणाच्या तरी नावानंच जातं. चाळीस वर्सं झाली." तक्रार नव्हती त्यात. सांगितलं आणि पुढचा टाका घेतला.

११ जानेवारी

आज तळेगाव ढमढेऱ्याहून रश्मीच्या होणाऱ्या सासरची माणसं आली होती. सासू भागुबाई, सासरे शंकरराव, दोन जावा. नवरामुलगा सुमित गाडी लावून बाहेर फोनवर. चहा झाला आणि आबांनी फर्मान सोडलं, रुखवत दाखवा. झालेल्या आठ वस्तू मांडल्या. आमच्यात हे वधूने केलेलं असं सांगायचं असतं, म्हणून आबा म्हणाले, "आमच्या रश्मीनं केलंय सगळं. वहिनीनं शिकवलं."

मी खाली बघत होते. रश्मी माझ्याहून खाली बघत होती. ती यवतला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, लग्नानंतर शिक्रापुरात तसंच काहीतरी बघणार, असं सुमितशी बोलली आहे.

भागुबाईंनी तोरण उचललं, उलटंसुलटं केलं आणि कौतुकानेच म्हणाल्या, "हातात एवढी कला असल्यावर पोरीनं भायेर कशाला जायचं? क्लास-फिस नगं आता."

अगदी तेच वाक्य. मी सासूबाईंकडे पाहिलं, का ते माहीत नाही. त्यांच्या हातात पोह्यांची ताटली होती. ती त्यांनी भागुबाईंना द्यायची सोडून परत आत नेली. सगळ्यांना वाटलं चमचा विसरल्या असतील.

१४ जानेवारी

रश्मी स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापता थापता रडली. "वहिनी, सुमित म्हणतोय, आईला एवढं आवडलंय तर राहू दे सध्या, मग बघू."

"तू सांग ना त्यांना, तुला येत नाही म्हणून."

"काय सांगू? माझ्या बापाने सगळ्यांसमोर सांगितलंय." मग डोळे पुसून म्हणाली, "तुला येतं म्हणून तू सहज बोलतेस."

वड्या थापत राहिले. तिलाही माहीत नाही. मी हिच्यासाठी वस्तू नाही आणल्या, दाराची कडी आणली आहे. दर खेपेला थोडी, उशीच्या अभ्र्यात घालून.

२७ जानेवारी

शेवटची खेप. अकरा पूर्ण. नोंद: टेबलक्लॉथ १, तोरण १, कमळं २, आसन १, सप्तपदीची पावलं १ संच, टीव्हीवरचा रुमाल १, बाळकृष्णाचं झबलं १, रुमाल ठेवायचं हंसाचं पाकीट १, पाण्याच्या पेल्यांवरच्या झाकण्या १ संच (६ नग), रुखवताचा मुख्य मोर १. सगळं पास.

कंपनीचं पत्रही आलं आहे. छापून घेतलं, घडी करून याच वहीत ठेवलं.

२८ जानेवारी

आज सांगणार होते. सासूबाई धान्य निवडत होत्या, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी शेजारी बसले. "आई, एक सांगायचं होतं."

"सांग."

"दाढ बरी झाली पूर्ण."

"बरं झालं," म्हणाल्या. थोडा वेळ वाट पाहिली असं वाटलं. मग ताट पुढे सरकवलं, "निवडू लाग."

भित्री आहे मी. कंपनीत दोन हजार पीस रिजेक्ट केले आहेत, सुपरवायझर ओरडत असताना.

९ फेब्रुवारी

काल लग्न झालं. सगळं लिहायचं आहे, क्रमाने.

यवतच्या कार्यालयात सकाळी साडेआठला आम्ही रुखवत मांडत होतो. माझं अक्षर चांगलं म्हणून कार्डं माझ्याकडे. आबांनी मजकूर देऊन ठेवला होता, 'चि. सौ. कां. रश्मी हिने स्वहस्ते विणलेले.' बारा कोरी कार्डं, स्केचपेन. मी पेन उघडून बसले आणि एक अक्षर उमटेना.

सासूबाई आत आल्या. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दार लोटलं. लुगडं सोडलं तर आत पोपटांची चौकट. घड्याळाखालून काढून आणली होती. ती त्यांनी मोराच्या शेजारी टेबलावर उभी केली आणि म्हणाल्या, "लिही."

"काय लिहू?"

"कुणी विणलंय त्ये लिही."

माझ्या तोंडून निघालं, "आई, मला विणायला येत नाही."

"म्हाईतंय."

"कधीपासून?"

"तुझ्याच रुखवतापास्नं. कमळाची कड बघितली. तीन खांब, मग एक मुका खांब, मग पुन्ना तीन. ती खोड एकीच्याच हाताची हाय." त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. "ह्ये बघ."

पाहिलं. पोपटांच्या भोवतीची कड. तीन, एक, तीन. गेले नऊ महिने मी ती काच रोज पुसते.

"म्हणजे हे पण कुशाबाईंनीच..."

"मला गाठसुदीक येत न्हाई नीट."

मला रागच आला आधी. "मग मला लोकर का दिलीत? मी मान मोडून बसत होते रोज."

"लोकर दिली आत्याबाईंनी. मी नुसती पिशवी ठिवली." मग खुर्चीत बसल्या. "दाढंच्या निमित्तानं तरी भायेर पडत होतीस. मला तेवढंबी सुचलं न्हवतं माझ्या टायमाला." बाहेर सनई लावली कुणीतरी, बंद पडली, परत लागली. "मी बोलणार न्हवते. मी न्हाई बोलले तर तू कशाला बोलशील, चालायचंच आसं म्हणत होते. पर त्या बाईनं माझ्या पोरीला त्येच वाक्य म्हणलं. मलाबी म्हणलं होतं. तुळजाबाईंनीच. ह्याच पोपटांपुढं." त्यांनी कार्डं माझ्यापुढे सरकवली. "लिही. विणणार, कुशाबाई... आडनाव काय तिचं?"

मला माहीत नव्हतं. सहा खेपा केल्या, तिच्या घरचा चहा प्यायले, लोकरीचा लॉट नंबर पाठ आहे आणि आडनाव माहीत नव्हतं. फोन लावला.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"कशाला गं?"

"रुखवताच्या कार्डावर लिहायचंय."

पलीकडे सुई डब्यात ठेवल्याचा आवाज आला. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "कुशाबाई भीमराव सोनवणे. नीट लिही."

नीट लिहिलं. अकरा कार्डं, अकरा वस्तू. विणणार, कुशाबाई भीमराव सोनवणे, दौंड. तोरणाच्या कार्डावर खाली लिहिलं, गोंडे वेगळ्या लॉटचे आहेत, चूक शितलची. बारावं कार्ड सासूबाईंनी माझ्याकडून पेन घेऊन स्वतः लिहिलं. 'पोपट. विणणार तीच. सन १९९४. सरूबाईला विणता येत नाही.' अक्षर शाळेतल्या बाईंसारखं, एका रेषेत.

रश्मी आत आली, कार्डं वाचली, शालूसकट खाली बसली आणि हसायलाच लागली. मग रडली. मग म्हणाली, "वहिनी, तुला पण नाही येत?"

पुढचं फार काही झालं नाही. मला वाटलं होतं मांडव पेटेल. तुळजाबाई आत्यांनी पदर तोंडाला लावला आणि घराण्याची अब्रू म्हणत दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. आबा कार्डांसमोर खूप वेळ उभे होते, चौकटीसमोर जास्त. भागुबाईंनी एकेक कार्ड निकाल वाचावा तसं वाचलं. मग रश्मीला विचारलं, "मग तुला येतं तरी काय?"

"कॉम्प्युटर शिकवता येतो."

"त्येच करंल ती," सासूबाई म्हणाल्या. "ते मातर तिच्या हातचं हाय."

अक्षता पडल्या, जेवणं झाली. पंगतीतून उठताना भागुबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "त्या बाईंचा नंबर हाय का? माझ्या घरी एक हरीण हाय जुनं. त्याचं शिंग उसवलंय." त्यांच्यानंतर आणखी चौघींनी नंबर घेतला.

आबांनी पाठवणीपर्यंत सगळं नीट केलं आणि घरी आल्यापासून कुणाशी बोललेले नाहीत.

१० फेब्रुवारी

होकार कळवायचा आज शेवटचा दिवस होता.

सकाळच्या चहाला मी पत्र टेबलावर ठेवलं. आबा पेपर उघडून बसले होते, पानं उलटत नव्हते. चौकट परत भिंतीवर आहे, कार्ड तिच्या काचेत खोचलेलं. ते कुणी काढलेलं नाही.

"आज उत्तर द्यायचंय," मी म्हटलं.

इंद्रजीतने आबांकडे पाहिलं, मग तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "आबा चिडलेत गं. आत्ताच नको. थोडं थांब, मग बघू."

रात्री मी ही वही चाळली होती. मे महिन्यापासूनचे, न लिहिलेलेही धरून मोजले तर हा सातवा की आठवा 'मग बघू' होता. माणूस चांगला आहे, पण तो मला आजवर हो सुद्धा म्हणालेला नाही. हे मला इतके दिवस दिसलं नव्हतं.

मी पत्र उचलणार तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनीच ते घेतलं. उभ्यानेच वाचायला लागल्या, मोठ्याने. माझं नाव, विभाग, रुजू होण्याची तारीख सोळा फेब्रुवारी, वेळ सकाळी सात. खाली बारीक अक्षरात नऊ अटी आहेत, मी स्वतः त्या नीट वाचल्या नव्हत्या. त्यांनी नऊच्या नऊ वाचल्या, कुठे अडखळल्या नाहीत. शेवटी कंसातलंसुद्धा वाचलं, कंपनीची बस, चौफुला, सहा वाजून दहा मिनिटं.

आबांनी पेपर खाली केला. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलले. "चष्मा कुठाय तुझा?"

"खुंटीला."

"मग दिसतंय कसं?"

"दिसतंय. पयल्यापास्नंच दिसतंय." त्यांनी पत्राची घडी केली. आवाज चढला नाही. "विणायला सांगू नये कुणी, म्हणून डोळं गेले म्हणले. मग अंगणवाडीचं पत्र आलं. सायेब घरी आले होते. तुमीच त्यांना सांगितलं, हिला दिसत न्हाई. मी म्होरंच उभी होते."

मग पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि इंद्रजीतला म्हणाल्या, "सोळाला हिला चौफुल्याला सोडायचं हाय. पाच वाजता उठायला लागंल."

"बरं," तो म्हणाला.

मी तिथेच बसून फोनवरून उत्तर पाठवलं. हो, रुजू होत आहे. सविता मॅडमचा लगेच अंगठा आला. सासूबाई चपात्यांकडे गेल्या. मी ही वही घेऊन ओट्यावर आले आणि शिल्लकचा रकाना आज पहिल्यांदा आखला. मरून, लॉट ४२२, अर्धा गुंडा. बाकी काही नाही.

इथून मला आतलं दिसतं आहे. आबा उठले, खुंटीवरचा चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांना लावून पेपर धरला. मग काढला, पुन्हा लावला. बत्तीस वर्षांत त्यांनी तो कधी हातात घेतला नसावा.

"ह्या तर साध्या काचा हायेत," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. अजून चष्मा हातात घेऊन तिथेच उभे आहेत.